निवळ

उखा पाटकरी सकाळी चहाआधी
धरणाच्या पायथ्याशी जातो.
खिशात काचेचा ग्लास, रुमालात गुंडाळलेला.
साखळी दोनशे दहापाशी, दगडांच्या फटीतून
बोटाएवढं पाणी येतं, बाराही महिने.
तो ग्लास भरतो, उगवतीकडे धरतो,
एक डोळा मिटून पाहतो
सोनार पाहतो तसा.
मग पाणी लव्हाळ्यात ओतून घरी.

मी वर्षातून दोनदा येतो, साक्रीहून, जीपने.
पहिल्या खेपेला म्हणालो होतो,
ही गळती बंद करायला हवी.
तो हसला.
"पानी जास ते जाऊ द्या साहेब. माटी जावाले नको."
एवढंच सांगायला
आमच्या पुस्तकाने तेरा पानं घेतली होती.

भराव तसा साधा. पोटात काळी माती, वर मुरूम,
त्यावर दुष्काळी कामावरच्या बायांनी
डोक्यावरून आणलेले दगड.
उखाची आई होती त्यांत.
यातला तिचा कुठला, मी विचारलं होतं एकदा.
त्याने वेड्यासारखं पाहिलं माझ्याकडे.

आता माथ्यावर वेडी बाभूळ,
उतारात घोरपडीची दोन बिळं,
सांडव्याच्या तोंडाशी कुणाची तरी कांदाचाळ.
विमोचकाचा दांडा चोरीला जातो
म्हणून उखाच्या खाटेखाली असतो.
तक्त्यात मी लिहितो: किरकोळ. किरकोळ. प्रस्तावित.
उखाचं पदही अशाच एका कागदावर रद्द झालं.
त्याला तसं कळवण्यात आलं.
दुसऱ्या दिवशी तो ग्लास घेऊन गेला.

कानबाईचे रोट होऊन पंधरवडा झालेला.
तीन रात्री कान नदी दुथडी.
दोन वाजता फोन:
"साहेब, ग्लास गढूळ शे."
उगवतीची वाट न पाहता
त्याने बॅटरीवर धरून पाहिला होता.

मी पोचलो तेव्हा बोटाचं मनगट झालेलं,
रंग चहाचा.
पोरं गोण्या घेऊन दाबायला निघाली.
उखा आडवा आला.
"दाबू नका रे. आठे दाबं ते दुसरीकडे फुटी."
आधी वाळू, मग बारीक खडी, मग जाड, मग दगड;
पाण्याला वाट, मातीला अटकाव.
मला क्रम पाठ होता.
वाळू नव्हती.
नदीतली तर केव्हाच ट्रॅक्टरांतून धुळ्याला गेली.

झेलाबाई मालचेच्या घरकुलाची वाळू
दारात पडून होती,
स्लॅबच्या हप्त्याची वाट बघत.
कुणी मागितली नाही.
पहिली पाटी तिनेच भरली.

तिकडे तिघांनी मिळून दांडा फिरवला.
गंजाचा आवाज खालच्या फडापर्यंत गेला असेल.
उजाडलं. उखाने ग्लास धरला.
तळाशी होतं अजून.
दुसरा. तिसरा.
आठव्या की नवव्या ग्लासातून
मला पलीकडे त्याची बोटं दिसली,
नखांतल्या मातीसकट.

अहवालात वाळू आली नाही.
ती कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवायची
आमच्यात कुणाला माहीत नव्हतं.
झेलाबाईला मी अर्ज लिहून दिला.
अर्जाचं काय झालं ते इथे लिहीत नाही.
ती म्हणाली, "मनी वाळू तठे शे ना?
मंग घर तठेच शे. आठे निसत्या भिती शेतस."

परवा तपासणीला गेलो.
तिच्या भिंतींवर निळी ताडपत्री, विटा बांधून ताणलेली.
पायथ्याशी पुन्हा बोटाएवढं.
उखाने ग्लास माझ्या हातात दिला, पहिल्यांदाच,
आणि मी नको तितका वेळ पाहत राहिलो.

तक्त्यात गळतीच्या रकान्यात
या वेळी लिहिलं: निवळ.
कागद परत आलाय.
शब्दाखाली लाल रेघ, समासात प्रश्न:
म्हणजे किती लिटर?